‘वय झालं’ म्हटले की विषय संपतो काय?

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, म्हणजे आपल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात माणसाला घराकडे बघायला जरा सवड होते. आवणीच्या दिवसांत ओटीवर बसलेल्या आजोबांनी काय खाल्ले, रात्रीतून ते कितीदा उठले, हे कोण बघतो? चिखलातून आलेल्या माणसाने पाठ टेकली की पहाटच होते. पण कामे हातावेगळी झाली की एकेक गोष्ट दिसू लागते. म्हातारा रात्रीतून पाच-सहा वेळा उठतो. लघवीला गेला की बराच वेळ परत येत नाही. परवा खळ्यावरून येताना आपल्याच घराची वाट चुकला आणि शेजारच्या पाड्यात जाऊन बसला. जेवून तास झाला नाही तोच सुनेला विचारतो, ‘‘आज जेवायला वाढायचं नाही का?’’ सून नवऱ्याकडे बघते. नवरा म्हणतो, ‘‘वय झालं आता त्यांचं.’’ झाले, विषय संपला.

वाचकहो, आज आम्ही याच दोन शब्दांविषयी लिहीत आहोत. वय झाले, हे खोटे नाही. पण गोठ्यातला म्हातारा बैल दोन दिवस वैरणीला तोंड लावीना झाला, तर आपण ढोरांच्या डॉक्टरला बोलावतो. बापाच्या बाबतीत मात्र वयाकडे बोट दाखवून मोकळे होतो. यात कुणाची माया कमी असते असे नाही. ही लक्षणे रोगाची असू शकतात, हेच कुणी सांगितलेले नसते.

यातला विसराळूपणा डॉक्टरी भाषेत स्मृतिभ्रंश या नावाने ओळखला जातो. लघवीच्या तक्रारींच्या मुळाशी कधी साधी सूज असते, कधी जंतू असतात, तर कधी प्रोस्टेट ग्रंथीचा, मूत्राशयाचा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग असतो. मोठ्या इस्पितळात या दोन दुखण्यांचे मजले वेगळे, डॉक्टर वेगळे, केसपेपर वेगळे. गावात मात्र ती दोन्ही एकाच घोंगडीखाली झोपलेली असतात, आणि एकमेकांना झाकतात. ज्याला स्मृतिभ्रंश आहे त्याला ‘जळजळ होते, रक्त जाते’ हे धड सांगता येत नाही. सांगितले तरी घरचे म्हणतात, त्यांचं काय ऐकता. उलट ज्याची लघवी प्रोस्टेटमुळे तुंबली आणि त्यात जंतू झाले, तो असंबद्ध बडबडू लागतो, अंथरूण ओले करतो, आणि त्याला वेड्यात काढले जाते. एका दुखण्याने दुसऱ्याची साक्ष खोटी पाडायची, असा हा प्रकार आहे.

सर्वांत तातडीची गोष्ट आधी सांगून टाकतो. काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारा माणूस आज सकाळी पोराला ओळखत नाही, भिंतीकडे बघून बोलतो, दिवसा गुंगीत असतो आणि रात्री उठून दारे उघडतो. आपल्याकडे याला ‘वात झाला’ म्हणतात, ‘लागिर झालं’ म्हणतात आणि भगताला बोलावणे जाते. भगताशी आमचे भांडण नाही. पण स्मृतिभ्रंश असा एका रात्रीत येत नसतो; तो महिन्यामहिन्याने, वर्षावर्षाने वाढतो. एका दिवसात आलेला भ्रम हा बहुधा शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी बिघाडाचा निरोप असतो. लघवीतले जंतू, तुंबलेली लघवी, छातीतला कफ-ताप, अंगातले पाणी किंवा मीठ कमी होणे, साखर उतरणे, पडून डोक्याला लागलेला मार, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी. नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईन लावले, योग्य औषध दिले की यातली बरीच माणसे काही दिवसांत पुन्हा माणसांत येतात. उशीर झाला तर मूत्रपिंडे जातात, जीवही जातो. म्हणून अशा माणसाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात न्या, आणि डॉक्टरांपुढे पहिले वाक्य हे बोला: ‘‘कालपर्यंत बरे होते.’’ या तीन शब्दांनी तपासणीची दिशा बदलते. नाहीतर केसपेपरवरही ‘वृद्ध, विसराळू’ एवढेच उमटते.

आता सावकाश येणाऱ्या विसराकडे येऊ. खेड्यात मोकळी हवा, ताजा भाजीपाला, अंगमेहनत. हा आजार शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली. त्यांतल्या साठी गाठलेल्या चार हजारांवर लोकांची स्मरणशक्ती पुढे दिल्लीच्या एम्सने अमेरिकेतील संशोधकांच्या जोडीने बारकाईने तपासली. २०२३ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. शहरांत ५.३ टक्के, खेड्यांत ८.४ टक्के. बायकांत पुरुषांहून जास्त. ज्या गावात साठीवरची शंभर माणसे आहेत, तिथे आठेक जण असे असणार, हा त्याचा सरळ हिशेब. तुमच्या गावातले आठ जण कोण, हे तुम्हाला सांगता येईल काय?

खेड्यात जास्त का, याचीही कारणे सांगितली जातात. लहानपणी शाळा न मिळणे हे त्यातले मोठे कारण. जगभरच्या तज्ज्ञांच्या एका आयोगाने २०२४ मध्ये अशी १४ कारणे मांडली आणि ती सारी आटोक्यात आली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असे म्हटले. त्यांत न तपासलेला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, बिडी-सिगारेट आणि दारू आहे, धूर आहे, एकटेपण आहे, आणि कानाने कमी ऐकू येणे व डोळ्याने कमी दिसणे हेही आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन सरकारी शिबिरात फुकट होते. तरी ‘आता कशाला, किती दिवस राहिले’ म्हणून म्हातारीला आंधळ्यासारखे बसवून ठेवणारी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

हा आजार ओळखायचा कसा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. साहेबाच्या देशातली चाचणी म्हणजे कागदावर वाक्य लिहा, वाचा, शंभरातून सात-सात वजा करत जा. शाळेचे तोंड न पाहिलेला आपला शेतकरी त्यात पहिल्या फटक्यात नापास. मग तो डोक्याने शाबूत का असेना. म्हणून १९९० च्या दशकात हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत अभ्यास करणाऱ्यांनी चाचणीच बदलली. वाचायला देण्याऐवजी ‘मी करतो तसं करा’ म्हणून डोळे मिटून दाखवले. लिहायला सांगण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’ म्हटले. आकडेमोडीच्या जागी वार उलटे म्हणायला लावले. शिवाय घरच्यांना विचारायचे वेगळे प्रश्न तयार केले. गावात वाट चुकतात का? दुसऱ्याला सांगायला दिलेला निरोप ध्यानात राहतो का? होळी-दिवाळी कधी येते ते कळते का? मुलीच्या लग्नासारख्या घरच्या मोठ्या गोष्टीत मत देतात का? कपड्याची बटणे, नाडी नीट लावतात का? हे प्रश्न आपल्या ओटीवरही चालतील. त्याला ना यंत्र लागते ना पदवी.

त्याच यादीत आणखी एक प्रश्न आहे: नको त्या जागी लघवी होते का, कपडे ओले होतात का? इथे आम्ही थबकलो. कारण या प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर स्मृतिभ्रंशाचे असेल तसे वाढलेल्या प्रोस्टेटचेही असेल. ज्याला संडास-मोरीपर्यंत पोचायला वेळ पुरत नाही, तो बुद्धीने नव्हे, मूत्राशयाने हरलेला असतो. म्हणून एकाची तपासणी करताना दुसऱ्याची केलीच पाहिजे.

आपल्या आशाताई घरोघर फिरून जो तक्ता भरतात, त्यातही साठीवरच्या माणसांसाठी असा प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का? प्रश्न छापलेला आहे ही चांगली गोष्ट. पण सून सासऱ्यासमोर खरे उत्तर कसे देणार? आशाताईंनी हा एक प्रश्न अंगणाच्या कडेला जाऊन, वेगळा विचारावा, अशी आमची सूचना आहे. दुसरे असे की त्याच सरकारी कार्यक्रमात तपासले जाणारे कर्करोग तीन: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा. लघवीच्या वाटेवरचे कर्करोग त्यात नाहीत. म्हणजे तिथे आपणच आपल्याला डॉक्टरकडे नेले पाहिजे.

आणि नेमके तिथेच आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो. धने-जिऱ्याचे पाणी प्यायचे, सब्जा भिजवायचा, दोन दिवसांनी बरे वाटते. खरोखरच उन्हाने जळजळ झाली असेल तर यात काही वाईट नाही. पण लघवीत रक्त दिसले तर ती उन्हाळी नव्हे. मूत्राशयाच्या कर्करोगाची खोड अशी, की रक्त जाते पण दुखत काहीच नाही. एक दिवस लाल जाते, मग महिना-दोन महिने स्वच्छ. माणसाला वाटते गेले. रोग गेलेला नसतो, फक्त रक्त थांबलेले असते. हा कर्करोग तंबाखूच्या धुराचा सोबती आहे. बिडीतली विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि तासन् तास मूत्राशयात साचून राहतात. तेव्हा एकदाच, थोडेच, न दुखता गेले तरी तपासणी करा. हे बायकांनाही लागू आहे. पाळी जाऊन वर्षे झालेल्या बाईला कपड्याला डाग दिसला तर तो कुठून आला, हे डॉक्टरलाच ठरवू द्या.

लिंगाच्या कर्करोगाबद्दल तर कुणी बोलतच नाही. कातडी मागे न सरकणे, आत चिकटा साचणे, न भरणारी जखम, गाठ; माणूस बायकोलाही दाखवत नाही, आणि डॉक्टरकडे येतो तेव्हा सगळा अवयव काढावा लागतो. लवकर आला तर पुष्कळदा थोडक्यावर भागते. हा मजकूर घरी मोठ्याने वाचायला संकोच वाटेल, पण म्हणूनच तो छापला आहे.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. पन्नाशी-साठीनंतर ती बहुतेकांची वाढते आणि धार बारीक होते, जोर करावा लागतो, रात्री उठावे लागते. ही वाढ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, औषधाने किंवा ऑपरेशनने बरी होते. काहींमध्ये मात्र कर्करोग असतो, आणि तो हाडांत उतरला की कंबर-पाठ दुखू लागते. आपण म्हणतो, जन्मभर ओझी वाहिली, दुखणारच. पीएसए नावाची रक्ततपासणी असते. ती सरसकट सर्वांनी करावी असे मात्र नाही. काही प्रोस्टेट-कर्करोग इतके सावकाश वाढतात की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. अशाला शोधून कापाकापी करण्यात नुकसानच. म्हणून शिबिरात फुकट आहे म्हणून ऐंशी वर्षांच्या धडधाकट म्हाताऱ्याला रांगेत उभे करू नका. ज्याला त्रास आहे त्याला मात्र घरी बसवू नका.

आता गोळ्यांबद्दल. रात्री सारखे उठावे लागते म्हणून मेडिकलवरून गोळी आणली जाते, आणि चिठ्ठी एकदा मिळाली की वर्षानुवर्षे तीच चालते. मूत्राशय शांत करणाऱ्या काही जुन्या गोळ्या (ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही त्यांची औषधी नावे) मेंदूतल्या निरोप वाहणाऱ्या एका रसायनालाही अडवतात. इंग्लंडमध्ये २०१९ साली स्मृतिभ्रंश झालेल्या ५८ हजारांवर रुग्णांची तुलना सव्वादोन लाख निरोगी लोकांशी केली, तेव्हा अशा प्रकारची औषधे दीर्घकाळ, जास्त प्रमाणात घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला. गोळीमुळेच झाला असे यातून सिद्ध होत नाही, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती देताना डॉक्टरने दोनदा विचार करावा एवढे नक्की. सर्दीच्या साध्या गोळीचेही तसेच. वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाने ती घेतली तर लघवी एकदम कोंडू शकते. आजोबांच्या सगळ्या गोळ्या, काढे, पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरपुढे ओता. रोगापेक्षा पिशवीच कधी कधी जास्त बोलते.

प्रोस्टेटचा कर्करोग पसरला की पुरुषी हार्मोन बंद करण्याचा उपचार करतात. ऑपरेशनने किंवा इंजेक्शनाने. हा उपचार आयुष्य वाढवतो. मात्र त्याचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो काय, यावर गेली काही वर्षे संशोधन चालू आहे. अमेरिकेत २०१९ साली दीड लाखावर वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा उपचार घेतलेल्यांपैकी २१.६ टक्क्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला; न घेतलेल्यांत ते प्रमाण १५.८ टक्के होते. दुसऱ्या काही अभ्यासांत असा फरक आढळला नाही. हे वाचून कुणी इंजेक्शन बंद करू नये. कर्करोग तेवढा थांबणार नाही. पण उपचार सुरू करण्याआधी ‘यांना आधीपासूनच विसर पडतो’ हे डॉक्टरला सांगण्याचे काम घरच्यांचे आहे.

उलट दिशेची एक बातमीही आहे, आणि ती तुम्हा-आम्हाला ठाऊक असलेल्या लसीची आहे. बाळाला दंडावर टोचतात ती क्षयाची बीसीजी लस, १९७६ पासून मूत्राशयाच्या कर्करोगावर, नळीने थेट मूत्राशयात सोडून वापरली जाते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या कामासाठी लागणारी बीसीजी तयार करते. २०१९ मध्ये जेरुसलेमच्या डॉक्टरांना आढळले, की ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यात पुढे अल्झायमरचा आजार कमी दिसतो. २०२३ मध्ये अमेरिकेत साडेसहा हजारांच्या आसपास रुग्णांच्या नोंदींत तो धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. म्हणून उद्या कुणी विसराळूपणावर बीसीजी टोचून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. ते अजून सिद्ध झालेले नाही.

तुमच्या लक्षात आले असेल, इंग्लंड झाले, अमेरिका झाली, जेरुसलेम झाले. या सगळ्या आकड्यांत आपला माणूस कुठे आहे? अगदीच नाही असे नाही. परळच्या टाटा रुग्णालयाने जास्त धोक्याच्या प्रोस्टेट-कर्करोगावर २२४ पुरुषांचा अभ्यास केला. निम्म्यांना फक्त ग्रंथीवर किरण दिले, निम्म्यांना ओटीपोटातल्या गाठींवरही. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटात पाच वर्षांनी ९५ टक्के रुग्णांत रोगाने पुन्हा डोके वर काढले नव्हते, पहिल्या गटात ८१ टक्के. रुग्णांचे मधले वय ६९. त्याच रुग्णालयात २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांची स्मरणशक्ती, चालणे, आहार, गोळ्या, घरचा आधार हे सारे बघून उपचार ठरवण्याची वेगळी सोय आहे. हे मोलाचे काम आहे. पण किरणांसाठी आठवड्याचे पाच दिवस, आठवड्यांमागून आठवडे जावे लागते. टोकावड्याच्या माणसाने पहाटेची एसटी धरून कल्याण गाठायचे, तिथून लोकलने परळ, सोबत कमावता मुलगा. जो येऊ शकत नाही तो अभ्यासातून आपोआप गळतो. आणि ज्याला स्मृतिभ्रंश आहे त्याला तर पुष्कळ औषध-चाचण्यांत मुळातच घेत नाहीत. मग त्याच्यावर जे औषध चालवले जाते, ते त्याच्यासारख्यावर पारखलेलेच नसते. वरीच्या वावराचा अंदाज भाताच्या खाचरावरून बांधावा तसे हे आहे.

खेड्यात संशोधन होत नाही, असे कुणी म्हणेल तर त्याने बार्शीला जाऊन यावे. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटाच्या मदतीने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे. इस्पितळात बसून रुग्णाची वाट बघितली तर नोंद होणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांची माणसे गावोगाव गेली, पारावर बसली, लक्षणे सांगितली, संशयित रुग्णाला बार्शीला यायला राजी केले, आणि गावच्या मृत्यू-नोंदीशी आपली यादी ताडून पाहिली. काही वर्षांतच गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. यंत्र नाही, नवे औषध नाही, नुसते बोलून. ते १९९५ मध्ये प्रसिद्धही झाले.

त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, पुढे १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये त्याचा निकाल जगभर गाजला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि जवळपास तेवढ्याच बायकांच्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. जगाला यातून शहाणपण मिळाले. पण त्या ६४ घरांचे काय, ज्यांची तपासणीच केली नाही, असा प्रश्नही पुढे विचारला गेला, आणि तो रास्त आहे. आम्हाला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात. संशोधन गावात यावे, आणि गावाने ते डोळे उघडे ठेवून घ्यावे.

म्हणून उद्या कुणी तुमच्या वडिलांना ‘अभ्यासात’ घ्यायला आले तर गोंधळू नका, लाजू नका. माहितीचा कागद मराठीत मागा. आचारसमितीची मंजुरी कुणाची आहे ते विचारा. औषधाची चाचणी असेल तर २००९ पासून तिची देशाच्या नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. ज्याला समजत नाही त्याच्या वतीने कायद्याने ठरलेला जवळचा नातेवाईक संमती देतो, तरीही म्हाताऱ्याने हात झटकला तर त्याचे ऐकायचे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते, आणि कधीही बाहेर पडता येते. बाहेर पडले म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शहापूर तालुक्यात जमिनीला गिऱ्हाईक कसे फिरते आहे, ते सातबारा सांभाळणाऱ्यांना सांगायला नको. मुरबाडलाही महामार्गाच्या कडेने तेच. ज्या म्हाताऱ्याला आज वार कोणता ते सांगता येत नाही, त्याचा अंगठा खरेदीखतावर उमटू नये. व्यवहार समजण्याइतके भान नसलेल्याने केलेला करार १८७२ च्या कायद्याने टिकत नाही, पण ते सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि त्यात पिढी जाते. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील (पहिल्या दोघांची सरकारी नावे आता बदलली असली तरी गावात हीच चालतात) यांना कोणत्या घरात काय चालले आहे ते कळत असते. स्मृतिभ्रंशाचे लेखी निदान लवकर झालेले असेल तर ते भावाभावांतल्या भांडणातही उपयोगी पडते, आणि म्हाताऱ्याच्या हक्काच्या घासालाही.

खर्चाची भीती पुष्कळांना अडवते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून गावातल्या सत्तरीवरच्या सर्वांची कार्डे काढली तर कुणाला तालुक्याला हेलपाटे पडणार नाहीत. सांभाळणाऱ्या घरासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ आहे. दुसरा क्रमांक म्हाताऱ्यापेक्षा त्याच्या सुनेला जास्त लागतो, हे आम्ही जाणूनबुजून लिहीत आहोत. रात्रंदिवस त्याच त्या प्रश्नाला उत्तर देणारी ती बाई कुठल्याच तक्त्यात नसते.

आता ग्रामसेवकांसाठी. गावच्या जन्म-मृत्यूची नोंद तुमच्या हातची आहे. म्हातारे माणूस घरी गेले की कारणाच्या रकान्यात ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते. त्या एका शब्दाआड तुंबलेली लघवी असते, हाडांत उतरलेला कर्करोग असतो, वाट चुकून विहिरीत पडलेली आजी असते. कारण ठरवणे हे डॉक्टरांचे काम, तुमचे नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. पण नातेवाइकांना दोन प्रश्न विचारता येतील: शेवटच्या वर्षात लघवीचा त्रास होता का, रक्त गेले होते का, आणि माणसे ओळखत होते का? उत्तरे वेगळ्या वहीत लिहा आणि महिन्याच्या बैठकीत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे द्या. बार्शीवाल्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळही फार मोठे भांडवल नव्हते.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. मागल्या वर्षभरात गावात साठीवरचे किती मृत्यू झाले आणि त्यांतल्या किती जणांपुढे ‘वृद्धापकाळ’ लिहिले आहे, एवढे दोन आकडे सभेत वाचून दाखवा. आमच्याकडेही पाठवा. नावे न घालता, गाववार, याच पानावर छापू.